डक्टवरचं गोणपाट

अजयनं पत्र्याच्या डक्टवर गोणपाटाचा शेवटचा टाका घातला आणि घामाघूम होऊन माळ्यावरून उतरला. अंगणातून पाहणाऱ्या मुखरूच्या अंगाचा तिळपापड झाला.

कूलर अजयचा, धाकट्या भावाचा. पाण्याची टाकी मुखरूच्या अंगणात, म्हणून कूलरही तिथंच. हवा मात्र मुखरूच्या खोलीच्या बांबूच्या छतावरून, डक्टमधून, थेट अजयच्या खोलीत जाणार. गडचिरोलीचा मे महिना. घरात बाळंतीण लेक पुनम, पंधरा दिवसांचं बाळ घामोळ्यांनी लाल झालेलं, आणि डोक्यावरून दुसऱ्याचा गारवा घरघरत चाललेला!

डक्ट बसवतानाच अजयनं विचारलं होतं, भाऊ, तुमच्या खोलीतही एक तोंड काढून देऊ का. मुखरूनं अख्ख्या गल्लीसमोर सुनावलं होतं, "माया नातवाले तुई हवा नाई पाहिजे."

आणि आता हे गोणपाट. हवा गळते, कौलांच्या तापानं गरम होते, म्हणून सांधे बुजवून गुंडाळलं म्हणे. म्हणजे चुकूनही झुळूक आमच्याकडं येऊ नये!

तशी त्या दिवसापासून मुखरूची खोली बरी होती. बाळाच्या घामोळ्याही बसल्या. मुखरू रोज दुपारी कौलांवर बादल्या ओतायचा, त्याचाच हा गुण, असं तो सगळ्यांना सांगे. अजय आणि त्याची बायको दामिनी मात्र संध्याकाळभर ओट्यावर हातपंखा हलवत बसत. घरात कूलर असून बाहेर बसायचं! नुसता तोरा, दुसरं काय.

एका दुपारी अजय ऑफिसात गेला, तरी कूलर चालूच होता. मुखरूला राहवलं नाही. डक्टला भोकं पाडायची म्हणून त्यानं हातोडी आणि मोठा खिळा घेतला, शिडी लावली. त्याची बायको वच्छला आडवी आली.

"वरते नका जाऊ जी."

"काऊन?"

"लेकरू सुखानं झोपलं हाय. राहू द्या."

बायकोही दिराच्याच बाजूची. मुखरू आणखी पेटला आणि चढला.

त्यानं गोणपाटाचे टाके उसवले. डक्टचा तळ हातभर कापलेला होता, कडा नीट आत दुमडलेल्या. गार हवा बांबूच्या फटींतून खाली पाळण्यावर उतरत होती. मुखरूनं कापलेल्या तळातून हात आत घातला, अजयच्या खोलीच्या दिशेनं चाचपून पाहिलं. तिकडची वाट दामिनीची जुनी साडी कोंबून गच्च बंद केलेली होती.