चटईबाहेरची वाळू

पाहुण्यांची बस यायच्या आधी लॅवीनाने थांब्यापासून जेवणाच्या टेबलांपर्यंत काथ्याची चटई अंथरून घेतली. एका कंपनीचे शंभर पाहुणे, पांढरे टेबलक्लॉथ, सूर्य मावळायला दीड तास. चटईच्या कडेला तिची आत्या नोरीन बसली होती आणि तळहाताने लाल वाळू सपाट करत होती.

"आत्या, वाळूतल्या चित्रांना एवढी जागा? विमान उतरवायचंय का इथे?"

"पाहुणे बसतील ना."

"ते खुर्चीत बसतात. बुटांत वाळू जाते म्हणून कुरकुरतात, म्हणून तर चटई घातलीय."

"मग आज बूट झटकतील," नोरीन म्हणाली आणि आणखी दोन हात पुढे सरकली.

लॅवीनाच्या काखेत फाइल होती. फाइलमध्ये एकच कागद. पुढच्या वर्षी याच कंपनीचे तीनशे लोक पश्चिमेच्या टेकाडामागे तीन रात्री तंबूत राहणार होते. त्यासाठी नोरीनची सही हवी होती, कारण तो मुलूख तिच्या आईकडून तिच्याकडे आलेला. टेकाडामागे खडकात पाण्याचं कुंड आहे. ते बायकांचं. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. कागदातही तसं लिहिलं होतं: कंपनीचं कोणी कुंडाकडे गेलेलं नाही, जाणार नाही.

पाच दिवसांपूर्वी नोरीन कुंड उपसायला गेली होती. झाकणाच्या फांद्या जागेवर होत्या, पण बुंधे उलट्या बाजूला. काठाच्या ओल्या मातीत बुटाचे तीन ठसे. टाच बाहेरून झिजलेली, डावा पाय आत वळणारा, तळाला आडवा काप. तिने हे लॅवीनाला सांगितलं नव्हतं. लॅवीनाची नोकरी याच लोकांच्या जेवणावळींवर चालत होती.

बस आली. पाहुणे चटईवरून चालत आले. नोरीनने सगळ्यांचे पाय पाहिले, पण वरून बूट काहीच सांगत नाहीत.

"खाली या," ती म्हणाली. "वाळूतली गोष्ट वाळूत बसून ऐकायची असते."

वीसेक जण हसत चटईवरून उतरले. गुडघे दुखणारी एक जाडजूड बाई हात टेकत टेकत बसली. नोरीन त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत नव्हती. नवे बूट, सँडल, एकजण तर अनवाणी. तो ठसा त्यात नव्हता. तिने पुन्हा एकदा पाहिलं. नव्हताच.

मग तिने खेळ सुरू केला. बोटांनी वाळूत एकेक पाऊल उठवायचं आणि पाहुण्यांनी जनावर ओळखायचं. इमू लगेच ओळखला. कांगारूला दोघांनी ससा म्हटलं. डिंगो या रानकुत्र्याला सगळ्यांनीच कुत्रा म्हटलं, आणि नोरीनने तेही चालवून घेतलं.

कंपनीसाठी जागा निवडणारा क्लाइव्ह हातात पेन घेऊन चटईच्या कडेशी आला. लॅवीनाकडून त्याने फाइल घेतली.

"नोरीन मावशी, एवढी सही उरकून टाकू या का? मग निवांत जेवू."

मावशी म्हणायला त्याला कोणीतरी शिकवलं होतं.

"याआधी आला होतास इकडे?" नोरीनने विचारलं.

"छे, पहिल्यांदाच. कालच्या दुपारच्या विमानाने उतरलो. तुमचं ते कुंड मी नकाशावरच पाहिलंय."

"कागद इकडे आण. मला उठवत नाही."

क्लाइव्हने वाळूकडे पाहिलं. मग चार पावलं टाकत तो आला, फाइल आणि पेन तिच्या मांडीवर ठेवलं आणि चार पावलांत परत चटईवर गेला.

नोरीनने पेन फाइलवर आडवं ठेवलं आणि पाहुण्यांकडे वळली.

"अजून एक ओळखा."

या वेळी तिने घाई केली नाही. मुठीच्या कडेने टाच उठवली, तिची एक बाजू अंगठ्याने खोल दाबली. तळवा जरा आत वळवला. शेवटी नखाने एक आडवी रेघ ओढली.

"बूट!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. "हे कुठलं जनावर?"

"हे पाच दिवसांपूर्वी आमच्या पाण्यावर येऊन गेलं."

हसणं जरा वेळ चाललं. गुडघेवाल्या बाईने आधी तो ठसा पाहिला, मग त्याच्या शेजारून चटईकडे गेलेली चार पावलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

लॅवीना उकिडवी बसली. पावलं वाचायला तिला याच हातांनी शिकवलं होतं. आत्याने काढलेल्या रेघेत तिने बोट घातलं, मग क्लाइव्हच्या पावलातल्या कापात.

"आत्या, नक्की?"

"मला काय विचारतेस? समोर आहे, वाच."

"असे बूट दुकानात हजारोंनी मिळतात," क्लाइव्ह म्हणाला. त्याने डावा पाय उजव्यामागे घेतला होता.

"मिळतात की," नोरीन म्हणाली. "चाल नाही मिळत."

लॅवीनाने आत्याच्या मांडीवरची फाइल उचलली, पेन त्याच्या मालकाला परत दिलं. मग ती बसच्या थांब्यापाशी गेली, खाली वाकली आणि त्या टोकापासून चटई गुंडाळू लागली. वीसजण वाळूत बसून पाहत होते, बाकीचे टेबलांपाशी उभे राहून. गुंडाळी जाड होत होत क्लाइव्हच्या बुटांना येऊन टेकली.

"उतरा खाली, साहेब," लॅवीना म्हणाली.