तीन हाका

शिरगावच्या हंसाचा नवरा दामू मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. होडी तेवढी किनाऱ्याला लागली, रिकामी. सगळे म्हणाले, गेला. हंसा मात्र कुंकू लावून पालघरच्या वाचनालयात कामाला येत राहिली.

त्या दुपारी प्राचीन ग्रीक संस्कृतीवरच्या जाडजूड ग्रंथाला कव्हर घालताना तिनं वाचलं, की समुद्रात हरवलेल्यांचा निरोप घेताना ग्रीक लोक त्यांना नावानं तीनदा हाक मारीत.

सासूच्या धाकानं नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. खिडकीशी जाऊन ती हळूच म्हणाली, "दामू."

मग जरा मोठ्यानं, "दामू."

तिसऱ्या हाकेसाठी तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या कपाटाआडून, दामूच्या नेहमीच्या शांत आवाजात उत्तर आलं, "नाव नको घेऊ गं, आय ऐकंल. मी हाय ना हितंच."