टॉबी क्रेनचा शेवटचा टाका

"माझ्या या गोष्टीवर तुमचा बापही विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून ऑबडाया फिंचने बिअरचा घोट घेतला. भर दुपारी गुत्त्यात हशा पिकला. शिडं शिवणारा हा म्हातारा थापाड्या म्हणून डेप्टफर्ड बंदरभर नावाजलेला.

"'हेस्पेरा'वर अठरा वर्षं काढली मी. युद्धनौका ती! मेलेल्याला त्याच्याच झोपायच्या झोळीत शिवायचं, पायाशी तोफेचे दोन गोळे, आणि शेवटचा टाका नाकातून. जिवंत असला तर बोंबलेल. तापाने गेलेल्या टॉबी क्रेनला मीच शिवलं, समुद्रात सोडलं. त्याच संध्याकाळी जहाजाच्या तळाला बाहेरून तीन ठोके पडले."

"मासा असेल, काका!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"मासा मोजून तीन ठोके मारतो? रोज? लढाईत, वादळात, चौदा वर्षं? आता जहाज मोडायला चिखलात ओढून ठेवलंय, खाली ओंजळभर पाणी नाही. आज सकाळी मी तळाला कान लावला."

त्याने टेबलावर बोटाने हळूच ठोकलं. एक, दोन, तीन.

हसणं विरलं. ऑबडायाने बोट मागे घेतलं.

"पण मला कसली भीती? टाका मी घातला होता. टॉबी हलला नाही. मेलेलाच होता तो."

कोपऱ्यात त्याचा जहाजावरचा जुना सोबती सायलस बसला होता. इतक्या वर्षांत या गोष्टीवर तो कधी चकार शब्द बोलला नव्हता.

"खोटं," सायलस म्हणाला. "कंदील मी धरला होता, ऑबडाया. दोस्ताच्या नाकात सुई घालायला तुझा हात धजला नाही. तू तो टाका घातलाच नाहीस."