सटवाईची पट्टी

बांधावर सटवाई नव्हती.

उत्तरेश्वर गुरुजींनी निवदाचं ताट बाजूला ठेवलं, घाणेरी उपटली, बाभळीच्या बुडाशी हातभर उकरलं. देवीच्या दगडाचा पत्ता न्हाई.

आज नातीची पाचवी. हर्षालीला आई नाही, म्हणून ती विलायतेतून येऊन सासरी, बेंबळीतच बाळंत झालेली. मुलगा इंद्रजित आजोळी जन्मला होता, त्यामुळं या घरात गुरुजींच्या स्वतःच्या पाचवीनंतर ही पहिलीच. दिवस मावळायच्या आत सटवाईला निवद पोचला तरच ती येऊन लेकराचं नशीब लिहिते, असं आई सांगायची. न्हाईतर कपाळ कोरंच राहतं.

गुरुजी तणतणत घरी आले.

"देवी चोरली! शेजारचा बांध कुणाचा? बंडप्पाचा! आणखी कोण नेणार?"

"अहो, हळू. लेकरू दचकतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "आधी पाय धुवा."

गुरुजी न्हाणीत गेले. तिथल्या काळ्या, सपाट दगडावर उभं राहून त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि रागारागानं टाच घासायला सुरुवात केली. रोज घासायचे तशीच.

"हर्षाली, काल तू ते इंग्रजांचं सांगितलंस ना?"

"हो बाबा." हर्षाली खाटेवरूनच बोलली. "आम्ही तिकडं राहतो त्या गावाचं नाव थंडर्सली. म्हणजे थुनॉरचा माळ. थुनॉर त्यांचा मेघगर्जनेचा देव. बुधवार वोडनचा, शुक्रवार फ्रिग देवीचा. आयांच्या नावानंसुद्धा त्यांची एक रात्र असायची."

"आन् आता त्या माळावर थुनॉर हाय का?"

"नाही. गावात कुणाला त्याचं नावही माहीत नाही."

"बघा! देवाचं नाव तेवढं वापरायचं आन् देव टाकून द्यायचा. कृतघ्न लेकाचे! रात्रभर झोप न्हाई मला. पण त्यांनी निदान धर्म तरी बदलला. हितं तर आपल्या रानाच्या पट्टीला अजून सटवाईची पट्टी म्हणत्यात, सातबाऱ्यावर नाव हाय, आन् सटवाईच गायब! माझ्या नातीचं कपाळ कोरं ठेवणाराचं वाटोळं होईल!"

दारात बंडप्पा उभे होते. गुरुजींपेक्षा दहा वर्षांनी थोरले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"या! कुठं ठेवलीय सांगा!" गुरुजी गरजले. "दिवस मावळायला आलाय!"

बंडप्पा चिडले न्हाईत. काठी टेकत न्हाणीपाशी आले.

"गुरुजी, तुमची आई वारली, त्याच साली तुमी बांध सरळ केला. ध्यानात हाय?"

"मग?"

"नवीन मास्तर झाला होता तुमी. माझी बैलगाडी मागितली. म्या म्हणलो, गुरुजी, असं करू नका, सटवाई कोपंल. तुमी हसला. म्हणला, बंडप्पा, दगड हाय तो, सपाट हाय, कामाला येईल."

गुरुजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आत लेकरू रडायला लागलं.

"पालथी घातली होती आपुन दोघांनी," बंडप्पा म्हणाले. "पाय काढा, गुरुजी."