तिसऱ्या चर्चमधला फुगा

लाल फुग्यांचं पाकीट.

'नेतेयस, तर परतही तूच आण तिला.'

माणूस आवाज पितो. जाड कोट घातलेला माणूस जास्त पितो.

भिंतीकडे तोंड करून ठेवलेला लाकडी संत. कोपरापासून पुढे हात नाही.

कप बशीत ठेवल्याचा आवाज.

"फोडू का गं?" पहिल्या चर्चच्या वेदीपाशी उभ्या असलेल्या नणंदेने विचारलं. एका हातात फुगा, दुसऱ्या हातात केसातून काढलेली पिन.

"फोडा, ताई," दाराशी माइक लावून बसलेली भावजय म्हणाली.

फाट्. आवाज छताला गेला, वेदीच्या सोनेरी खांबांमागे शिरला, त्या हात तुटलेल्या संताला वळसा घालून परत आला. सहा सेकंद विरतच होता.

भावजय ध्वनिमुद्रणाचं काम करायची. एका गायकवृंदाला जुनं, घुमणारं चर्च हवं होतं. या जुन्या शहरात परक्या राज्यकर्त्यांनी बांधून मागे सोडलेली तीन होती. रीत सोपी. रिकाम्या चर्चमध्ये फुगा फोडायचा आणि आवाज किती वेळ राहतो ते मोजायचं. फोडायचं काम नणंदेकडे. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. भावाने बळेच बायकोबरोबर धाडलं होतं, आणि निघताना बायकोला बाजूला घेऊन तिला परत आणण्याबद्दलचं ते एक वाक्य बोलला होता.

"बाई गं, केवढं घुमलं!" नणंद हसली. मग हसू आवरून म्हणाली, "घरीही असंच होतं हल्ली. कप ठेवला तरी घुमतो."

भावजयीने वायर गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या फरशा होत्या. पायांनी नावं झिजलेली. नणंद फरशा चुकवत, उड्या मारत वेदीपर्यंत गेली.

"ताई, सरळ चाला की. कधीची गेलेली माणसं आहेत ती."

"म्हणून काय अंगावरून जायचं? उद्या तुझ्या अंगावरून कोणी गेलं म्हणजे कळेल."

फाट्. जवळजवळ तेवढंच घुमलं. या वेळी नणंद हसली नाही. आवाज पूर्ण विरेपर्यंत कानांवर हात ठेवून उभी राहिली.

तिसरं चर्च बंद असायचं. किल्ली समोरच्या घरात मिळाली. दार ढकललं तर आत दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून तिरकं पडलेलं. जमिनीवर धूळ, वेदीवर धूळ, पापांची कबुली द्यायच्या लाकडी खोक्यावर धूळ. बाकांवर मात्र नव्हती. बाकं मधोमध गुळगुळीत चकाकत होती.

नणंद वेदीपाशी गेली. फाट्.

आणि संपलं. तोंडावर उशी दाबावी तसं.

भावजयीने वायर तपासली. माइक बदलला. "परत एकदा, ताई."

फाट्. तसंच. तिने स्वतः टाळी वाजवली. टाळी पायाशीच पडली. पडदे नव्हते, गालिचे नव्हते. दगड होता आणि उघडं लाकूड. असं माप तिने याआधी एकदाच पाहिलं होतं. कडाक्याच्या थंडीत, हाउसफुल्ल नाट्यगृहात, सगळे कोट घालून बसलेले असताना.

"झालं, ताई. या इकडे."

नणंद निघाली. पण मधल्या वाटेने नाही. भिंतीच्या कडेने, आडवी होऊन, पर्स पोटाशी धरून, पाय जपून टाकत. अर्ध्यावर थांबली. कोणाला तरी मान डोलावली आणि एका बाकाच्या अगदी टोकाला टेकली. निम्मी बाकावर, निम्मी बाहेर.

"ताई, अशा कडेला काय बसलात? अख्खं बाक मोकळं आहे."

"पुरते मला एवढी जागा." नणंदेचा आवाज ऐकू येत होता, पण जवळ कुजबुजल्यासारखा. "अगं, इथे घुमत नाही बघ."

तिचे खांदे खाली आले होते. कितीतरी महिन्यांत भावजयीने ते तसे पाहिले नव्हते.

"चला. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"तू हो पुढे."

भावजय माइक तिथेच टाकून आत धावली. रिकाम्या वाटेवर मध्येच तिच्या लक्षात आलं, आपणही खांदा आडवा करून चाललोय. तिने नणंदेचं मनगट धरलं आणि ओढलं. मनगट उबदार होतं. ते हललं नाही. नणंदेचा दुसरा हात बाकावर होता. बोटं थोडी फाकलेली, दुसऱ्या कोणाची बोटं मध्ये असावीत तशी.

"उठा, ताई. मी तुमच्या भावाला काय सांगू?"

नणंदेने गुडघे बाजूला घेतले, वाट करून देतात तसे.

"उभी काय राहिलीस? ये ना. सरकतील ते."

किल्ली देताना समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं होतं, "किती जण जाणार आत?"

"दोघीच," भावजय म्हणाली होती.

"मग होईल जागा," म्हणत त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली होती.