गॅरेजमधला पंखा

सून वारल्यापासून मुलगा घरात पाऊल टाकेना. अंगणापलीकडच्या अंधाऱ्या गॅरेजमध्येच पडून राही. शेवटी बापानं स्वतः कुदळीनं चर खणला आणि घरातून तिथवर लाइन ओढून घेतली.

वायरमन शिडीवर चढला. "काका, पत्र्याखाली नुसती भट्टी आहे. छताला हुक मारून पंखा देतो."

"छताला काही नको. टेबलफॅन चालेल."

"वारा पुरायचा नाही हो."

"हुक नको म्हटलं ना!" म्हातारा ओरडला आणि लगेच गयावया करू लागला, "पाया पडतो तुमच्या, हुक नको."

वायरमन खाली उतरला.

कोपऱ्यातून मुलगा उठला. बापाचे हात धरून म्हणाला, "अण्णा, एवढी धास्ती घेतलीत माझी? चला, घरात येतो मी."