शिरवण्यात सुटलेला वास

"आला! माल आला!" वॉकीटॉकीवर प्लांटमधल्या ऑपरेटर किसनचा आवाज फुटला आणि कंट्रोल रूममध्ये एकच गलका झाला. लॅबमधूनही निरोप आला: माल एकदम शुद्ध.

संघप्रियाच्या अंगावर काटा आला. लिंबाच्या वासाचं हे तेल, सिट्रल. अत्तरवाले आणि व्हिटॅमिन ए बनवणारे, दोघंही त्याची गिऱ्हाइकं. आजवर कंपनीत ते घाण्याघाण्याने निघायचं. टाकी भरा, तापवा, रिकामी करा. आता पहिल्यांदाच एका टोकाने कच्चा माल आत आणि दुसऱ्या टोकाने तेल बाहेर, अखंड. ही शिफ्ट तिची होती. प्लांट हेड अभिराम सरांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

तेवढ्यात आईचा फोन आला. वेणूबाई शिरवण्यात, कंपनीच्या भिंतीपलीकडेच राहायच्या. आनंदाच्या भरात संघप्रियाने स्पीकर लावला.

"संघू, तुजा प्लांट चालू झाला गो?"

"तुला कसं कळलं?"

"कळनार नाय? अख्ख्या गल्लीत लिंबाचा वास सुटलाय! शेजारची भागीरथी म्हनते, तुमच्या पोरीनं अत्तर शिंपडलं."

सगळे खो खो हसले. हसता हसता संघप्रिया थबकली. नवा प्लांट पूर्ण बंद नळ्यांचा. त्यातून जराशीही वाफ बाहेर पडायला नको होती.

"सर, प्लांट थांबवावा लागेल."

"वेडी आहेस का? स्क्रीन सगळा हिरवा आहे. जुन्या पिंपांचा वास असेल. आता थांबवला तर सगळी मेहनत पाण्यात."

"पिंपं कालही होती, सर. आईला वास आजच आला."

तिने लाल बटण दाबलं. पंपांची घरघर विरत गेली. हातातले पेढे हातातच धरून लोक तिच्याकडे बघत राहिले.

किसन फट शोधायला नळ्यांच्या मनोऱ्यावर चढला. थोड्या वेळाने तो वॉकीटॉकीवर धापा टाकत बोलला, "मॅडम, एकदम वरच्या जोडाला फट हाय. वाफ वाऱ्यावर सरळ गावाकडं चाललेली. आणि खाली पलीकडच्या शेडमधे वेल्डिंगवाले काम सुरू करतायत."

एक ठिणगी उडाली असती, तर ती वाफ पेटली असती. वेल्डिंग थांबवायला अभिराम सर स्वतःच धावत सुटले.

दुसऱ्या दिवशी जोड बदलला, नळ्या तपासल्या, आणि दुपारी तेल पुन्हा उतरू लागलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. सर हळूच म्हणाले, "संघप्रिया, आधी आईंना फोन लाव."

"आई, जरा दारात जाऊन सांग. वास येतोय?"

पलीकडे दाराची कडी वाजली. मग वेणूबाई हिरमुसून म्हणाल्या, "नाय गो बाय. आज कायच वास नाय."

आणि कंट्रोल रूममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.